झाकली मूठ

आपल्या मराठी भाषेत देण्यासाठी शब्दांची उणीव नाही. दान, दक्षिणा, भिक्षा, देणगी, वर्गणी, खैरात... प्रत्येक शब्दाची पायरी निराळी आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांमधले अंतरही निराळे. परंतु या सर्वांहून मला एक साधा, घरगुती शब्द अधिक आवडतो : पदरमोड. तिजोरीतली शिल्लक काढून देणे वेगळे आणि पदरी जे आहे तेच मोडून देणे वेगळे. याच्या नेमका उलट शब्दप्रयोगही आपल्याच भाषेने करून ठेवला आहे : हातचे राखून. ख्रिस्ती माणसाने औदार्याने जगावे म्हणजे काय करावे, याचा विचार करू लागलो की हे दोन शब्द मला दोन टोकांना उभे दिसतात. आपल्यापैकी बहुतेकांची वस्ती त्यांच्या मधल्या अंगणात आहे.

संत मार्क आणि संत लूक यांनी नोंदवलेली गरीब विधवेची हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जेरुसलेमच्या मंदिरात दानासाठी तेरा पेट्या होत्या आणि त्या कर्ण्याच्या आकाराच्या होत्या, अशी माहिती यहुदी परंपरेच्या मिश्ना या ग्रंथात मिळते. नाणी धातूची असत. तेव्हा जड नाणे पडताना चांगले खणखणत असणार आणि हलके नाणे पडले हे शेजाऱ्यालाही कळत नसणार. विधवेच्या हातात तांब्याची सर्वांत लहान अशी दोन नाणी होती. जुन्या मराठी बायबलात त्यांना 'टोल्या' म्हटले आहे. एक दिनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी. दोन टोल्या मिळून तिचा चौसष्टावा भाग होतो. दिवसाला 600 रुपये मिळवणाऱ्या मजुराच्या हिशेबाने म्हणाल तर आजचे नऊ-साडेनऊ रुपये. नाणी दोन होती, ही गोष्ट महत्त्वाची. एक ठेवून घेतले असते तरी तिने आपल्या मिळकतीचा अर्धा भाग दिला, असेच झाले असते. हातचे राखायला तिच्याजवळ जागा होती. तिने राखले नाही.

इथवर आपण सारे येतो. परंतु ही हकीकत तिच्या जागेवरून उचलून वाचली, तर तिचा अर्धा अर्थ मागे राहतो. तिच्या लगेच आधी प्रभू येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना कडक शब्दांत दोष देतो आणि लगेच नंतर त्याच मंदिराच्या विनाशाचे भाकीत करतो. म्हणून काही अभ्यासक विचारतात की, त्या विधवेकडे पाहताना प्रभूच्या मनात केवळ कौतुक होते की खंतही होती? मला वाटते, दोन्ही असावे. निदान या दोन टोल्यांचा दाखला देऊन गरिबांपुढे दानाची पिशवी धरताना आपला हात थोडा अडखळायला हवा. ही गोष्ट ज्यांच्याजवळ आहे त्यांना सांगण्याची आहे. विधवेला ती ठाऊकच होती.

जुन्या करारातली एक तरतूद मला या बाबतीत फार शहाणपणाची वाटते. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला आज्ञा आहे की, कापणी करताना शेताचे कोपरे कापू नयेत, गळालेली कणसे वेचू नयेत, द्राक्षमळा झाडून नेऊ नये; ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावे. अनुवादाच्या पुस्तकात आणखी भर आहे : शेतात एखादी पेंढी विसरली, तर ती आणायला परत जायचे नाही. विसरण्यालाही धर्मात स्थान देणारा असा कायदा माझ्या तरी वाचनात दुसरा नाही. कोपरा केवढा असावा हे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितलेले नाही. पुढे मिश्नात त्यावर चर्चा झाली आणि साठाव्या भागाहून कमी नको, असे किमान माप ठरले.

या व्यवस्थेतली खुबी पाहा. मालकाने धान्य पोत्यात भरून दारात वाटायचे नाही. गरीब माणूस स्वतः शेतात येतो, स्वतः वाकतो आणि स्वतःच्या श्रमाने आपला वाटा घेऊन जातो. तो त्याचा हक्क आहे. मालकाला हात जोडण्याचे त्याला कारण नाही आणि कोणी न्यावे, कोणी नेऊ नये हे ठरवण्याचा अधिकार मालकाला नाही. रूथच्या पुस्तकात बवाज याच्याही एक पाऊल पुढे जातो. तो आपल्या कापणी करणाऱ्यांना बजावतो की, या परक्या स्त्रीसाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्या आणि तिला टाकून बोलू नका. मुद्दाम सांडायचे, पण सांडले असे वाटू द्यायचे! अशाच एका कापणीतून मवाबी रूथ बवाजच्या घरी आली आणि दाविदाची पणजी झाली. संत मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आठवणीने घातले आहे.

वसईच्या आमच्या वाडीत गहू-जव होत नसे. राजेळी केळी, पडवळ, तोंडली, वाल आणि थोडी फुले, हे आमचे पीक. परंतु कोपऱ्याचा नियम आमच्या घरात होता आणि तो विहिरीला लावलेला होता. रात्री विहिरीच्या कप्पीवरचा दोर काढून ठेवायचा नाही, असा आजीचा दंडक होता. दोर चोरीला जाईल, असे कोणी म्हटले की ती म्हणे, "गेला तर नवा घेऊ. तहानलेला माणूस आपल्याला उठवून दोर मागत बसेल होय?" आजीला अक्षरओळख नव्हती; लेवीय पुस्तक तिने ऐकले असेल तेवढेच. वाडीच्या मागच्या पाड्यावरच्या बाया पहाटे येत, कळश्या भरून नेत. त्यांची नावेही आम्हां मुलांना ठाऊक नव्हती. सकाळी ओली झालेली पायरी तेवढी दिसे.

पुढे वसई-नालासोपाऱ्यात इमारती उठू लागल्या आणि विहिरीच्या पाण्याला भाव आला. टँकरवाले वाडीवाडीतून फिरू लागले. दिवसाला दोन खेपा भरू दिल्या, तर केळीच्या बागेहून अधिक पैसा बसल्या जागी मिळणार होता. बाबांनी नकार दिला. घरात बहिणीच्या लग्नाचा खर्च पुढे होता, त्यामुळे नकार सोपा नव्हता. आई त्यांच्याशी आठवडाभर धड बोलत नव्हती. बाबांचे म्हणणे एवढेच होते की, विहीर आपण बांधली, पण झरा आपण आणलेला नाही; तो खालून साऱ्या आळीला जोडलेला आहे. समुद्र जवळ असल्यामुळे इथे बेसुमार उपसा झाला की खारे पाणी आत शिरते आणि एकदा शिरले की सहसा माघारी जात नाही. एकाच्या फायद्यासाठी दहा विहिरी मचूळ व्हायच्या. या पाण्यासाठी आणि हिरव्या जमिनीसाठी वसईत जी मोठी चळवळ झाली तिचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2024 साली देवाघरी गेले. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि अजून लिहिले जाईल. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे की, औदार्य हे नेहमी काही देण्यातच असते असे नाही. कधी कधी ते न विकण्यात असते आणि त्याची पावती कोणी फाडत नाही.

आता थोडे आमच्या मंडळाविषयी. निवृत्त झाल्यापासून मी आमच्या धर्मग्रामातील संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखेत काम करतो. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह ही संस्था सुरू केली. ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही काय करता, असा टोमणा त्याला एका वादसभेत ऐकावा लागला होता. त्याने उत्तरादाखल लेख लिहिला नाही. सिस्टर रोझाली रांदू या अनुभवी धर्मभगिनीच्या मार्गदर्शनाखाली ही मुले पॅरिसच्या दरिद्री वस्तीत घरोघरी जाऊ लागली. दुसऱ्या पोप जॉन पॉल यांनी 22 ऑगस्ट 1997 रोजी पॅरिसमध्येच ओझानामला धन्यवादित म्हणून घोषित केले. संस्थेची रीत तेव्हापासून तीच आहे : मदत पाठवायची नाही, आपण जायचे, तेही दोघांनी मिळून.

माझे जोडीदार म्हणजे आमचे शिंपीकाका. वय पंच्याहत्तरच्या पुढे, बोलणे मोजके. गृहभेटीला कसे जावे हे मी त्यांच्याकडून शिकलो. एका वृद्ध आजींकडे आम्ही महिन्याला शिधा घेऊन जात असू. पत्र्याच्या खोलीत त्या आणि त्यांचा नातू. पहिल्याच भेटीत त्यांनी नातवाला दूध आणायला पिटाळले. उधारीवर, हे सांगायला नको. मी 'कशाला, कशाला' म्हणून उठू लागलो, तर काकांनी माझा सदरा धरून मला खाली बसवले. चहा आला. काकांनी तो सावकाश, बशीत ओतून प्यायला आणि आणखी अर्धा कप मागून घेतला. आजींच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो आमच्या पाच किलो तांदळाने आला नव्हता. परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "आपण देऊन निघून गेलो असतो, तर ती म्हातारी नुसती घेणारीच राहिली असती, सर." घेणे हेही देण्याइतकेच कठीण आहे आणि जो कोणाकडून काहीच घेत नाही त्याच्या देण्याची मला थोडी भीतीच वाटते. प्रभूनेही विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीकडे आधी पाणी मागितले होते. देण्याची गोष्ट त्याने नंतर काढली.

2019 सालच्या मे महिन्यात आमच्यापुढे एक पेच आला. सात मुलांची शाळेची फी भरायची होती. एकूण रक्कम 58,000 रुपये. एका सद्गृहस्थांनी ती सगळी देण्याचे कबूल केले. त्यांची अट एकच : रविवारच्या मिस्सेनंतर मुलांना वेदीपुढे बोलवावे, धनादेश त्यांच्या हस्ते द्यावेत आणि छायाचित्र काढावे. वरकरणी पाहता अट काही भारी नव्हती. परंतु आदल्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेने अशाच वह्या वाटल्या होत्या, तेव्हा आठवीतला एक मुलगा खांबामागे उभा राहिला आणि नाव पुकारले गेल्यावर मागच्या दाराने घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्याकडे आली होती. "वह्या नसल्या तरी चालतील, सर," ती म्हणाली, "पण पोराला पुढं नका बोलवू. वर्गातली पोरं बघतात." तो मुलगा या सात जणांत होता.

सभेत कडाक्याची चर्चा झाली. आमचे खजिनदार व्यवहारी आणि सरळ मनाचे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "पाच मिनिटांचा फोटो. त्यापायी सात पोरांचं वर्ष धोक्यात घालायचं? आपला मान मोठा की त्यांची फी?" हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उपाशी माणसाला स्वाभिमानाचे धडे भरल्या पोटी देता येतात, हे मलाही समजते. फादरांनी निर्णय आमच्यावर सोपवला. बराच वेळ कोणी बोलेना. मग शिंपीकाका म्हणाले, "मान आपला नाही हो. त्या पोरांचा आहे. तो आपण कसा द्यायचा?"

आम्ही दोघे त्या सद्गृहस्थांकडे गेलो आणि रक्कम परस्पर शाळांत भरण्याची विनंती केली. ते रागावले नाहीत. "नाव नको, फोटो नको, मग लोकांना कळणार कसं की देणारा कुणी आहे? एकाचं बघून दुसरा देतो," असे ते म्हणाले. त्यातही तथ्य नाही असे नाही. परंतु जमले नाही. त्या वर्षी त्यांनी दुसरीकडे एक पाणपोई बांधून दिली. तिच्यावर त्यांचे नाव आहे, पाणी थंड आहे आणि येणारे-जाणारे ते पितात.

आमच्या सभेच्या शेवटी एक कापडी पिशवी फिरते. संस्थेच्या जगभरच्या शाखांत ही रीत आहे. तिला गुप्त पिशवी म्हणतात. प्रत्येकाने मूठ झाकून हात आत घालायचा आणि मूठ उघडून बाहेर काढायचा. कोणी पाचशे टाकले, कोणी पाच टाकले, कोणी काहीच टाकले नाही, हे शेजारच्याला कळत नाही. ज्याच्याजवळ त्या आठवड्यात काही नसेल त्याची लाज त्या पिशवीत झाकली जाते आणि ज्याच्याजवळ खूप असेल त्याचा तोराही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण सहसा थोड्या उपहासाने वापरतो. मला ती या पिशवीमुळे नव्याने कळली. आम्ही अकरा सभासद. एरवी आठवड्याला सातशे-आठशे रुपये जमत. त्या रविवारी पिशवी उलटी केली तेव्हा 4,300 निघाले. पुढच्या रविवारी त्याहून अधिक. एकदा दहा-दहाच्या नाण्यांची पुरचुंडीच निघाली. खजिनदारांनी नाणी मोजली, वहीत रक्कम लिहिली, मान वर केली नाही.

जुलैच्या मध्यापर्यंत 41,000 रुपये जमले. 58,000 जमले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अशा हकीकतींच्या शेवटी नेमकी रक्कम जमल्याचे आपण वाचतो, तसे येथे घडले नाही. पाच मुलांची फी भरली. उरलेल्या दोघांसाठी आम्ही शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटलो. त्यांनी दिवाळीपर्यंत हप्ते बांधून दिले. शेवटचा हप्ता डिसेंबरात गेला. निर्णय बरोबर होता की नाही यावर खजिनदारांचे आणि माझे आजही एकमत नाही. पण त्या पुरचुंडीतली नाणी त्यांचीच असावीत, असा माझा संशय आहे. विचारण्याची सोय नाही.

गुप्ततेचा अर्थ हिशेब नसणे असा मात्र कोणी करू नये. संत पौलने जेरुसलेमच्या गरजू बांधवांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याच्या हाती नेली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक विश्वासू बंधू पाठवला, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा उरू नये. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हा व्यवहार सविस्तर आला आहे. त्याच अध्यायात मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांचा उल्लेख आहे. आम्हालाही यात भाग घेऊ द्या, अशी विनवणी त्यांनीच पौलकडे केली होती. देणे ही त्यांना कृपा वाटत होती.

आमच्या धर्मग्रामात सेवा करणाऱ्या एका केरळी सिस्टरांनी मला तिकडच्या 'पिडियरी'ची ओळख करून दिली. पिडियरी म्हणजे मूठभर तांदूळ. रोज भात शिजवताना गृहिणीने घरच्यांसाठी मोजलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात ठेवायची आणि ती चर्चमार्फत गरिबांसाठी द्यायची. संत कुरियाकोस एलियास चावरा (1805-1871) यांच्या नावाशी ही प्रथा जोडली जाते. चर्चच्या जोडीला शाळा उभ्या करण्यासाठी ते झटले आणि गरीब मुलांना शाळेत जेवण मिळावे, म्हणून या मुठींचा उपयोग झाला. पोप फ्रान्सिस यांनी 2014 साली त्यांना संतपद बहाल केले. मिझोराममधील आपल्या प्रॉटेस्टंट भगिनींनीही 1910 सालापासून अशीच प्रथा चालवली आहे. तिला 'बुहफाई थाम' म्हणतात आणि तिच्यावर तिथल्या मंडळीचे मोठे कार्य उभे आहे. दोन्हीकडे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, मूठ शिजवण्यापूर्वी काढायची. उरलेला भात नव्हे. घरात त्या दिवशी मूठभर कमीच शिजतो.

माझ्या पत्नीने ही रीत गेल्या वर्षी प्रायश्चित्तकाळात सुरू केली आणि ईस्टरनंतर ती बंद करण्याचे विसरली. आम्ही दोघेच, भात असून असून किती असणार! तरी स्टीलच्या डब्यात महिन्याकाठी दीड-दोन किलो तांदूळ साठतो. माझ्या ताटात भात कमी पडला असे मी एकदा म्हणालो, तेव्हा तिने डॉक्टरांच्या सल्ल्याची आठवण करून दिली. एका मुठीत दोघांचे कल्याण होते, असे तिचे मत आहे.

अलीकडे चर्चच्या दाराशी क्यूआर कोड लावला आहे. सोय चांगली आहे. तरुण मंडळी खिशात नाणी बाळगत नाहीत. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण आणि इथे तर दोन्ही हातांना कळण्याआधी फोनला कळते! परंतु मी त्याविरुद्ध नाही. आमच्या गुप्त पिशवीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र तरुण सभासदांनी मागच्या सभेत काढला आहे आणि त्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

सभासद आता तेरा झाले आहेत. नव्या दोघांत त्या खांबामागे उभ्या राहिलेल्या मुलाची आई आहे. ती गेल्या वर्षीपासून येते, मागच्या बाकावर बसते आणि पिशवी आली की इतरांसारखीच मूठ झाकून हात आत घालते. यंदाच्या जूनसाठी नऊ मुलांची यादी आली आहे. शिंपीकाकांचे गुडघे दुखतात; म्हणून भेटीला जाताना आता आम्ही रिक्षा करतो आणि रिक्षाचे भाडे कोणी द्यायचे यावरून दर वेळी आमचे भांडण होते.